बोरकाठचा हंडा

बिबवेवाडी, पुणे
६ नोव्हेंबर २०००

वैजनाथ भावजी,

नाही, मेले नाही अजून. पाकिटावर तुम्ही "श्रीमती मुक्ताबाई, हयात असल्यास" असं लिहिलंत, ते पोस्टमननं जिन्यातच मोठ्यानं वाचलं. खालच्या दोघीतिघी दारं उघडून बघायला आल्या, मी आहे का नाही ते. मी वरनं ओरडले, आहे, आण इकडं.

सरकारी नोकरीत माणूस असाच होतो का हो? भावजयीलासुद्धा नोटीस पाठवतो.

पत्र दोनदा वाचलं. नकाशा उलटा धरला, सुलटा धरला, मग जमिनीवर अंथरून त्याच्याभोवती फिरले. माझी चौथीपर्यंतची शाळा, त्यातली दोन वर्षं मास्तरांची म्हैस राखण्यात गेली. तेव्हा मला जे कळलं ते सांगते, चुकलं तर कान धरा.

एकसष्ट साली पानशेत फुटलं. बोरकाठला सांगावा आला तशी घरची माणसं माळावर पळाली. तुम्ही अठरा वर्षांचे, मागं राहिलात. आईंचा तांब्याचा हंडा घेतलात, त्यात समई, देवाचे चांदीचे टाक असं सगळं घातलंत आणि शेतात खड्डा करून पुरलंत. नदी म्हणाली मीच मोठी. पाणी ओसरलं तर विहीर नाही, बांध नाही, नुसता गाळ. तुम्हाला जागा दाखवता येईना. मग घरात सगळे म्हणाले, पुरलंय कशाचं, वैजूनं देव विकून खाल्ले. आई शेवटपर्यंत तुमच्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. तुमचे भाऊ गेले तेव्हा तुम्ही आलात आणि दारातनंच परत गेलात.

आता तुम्ही जमीन मोजायच्या खात्यातनं रिटायर झालात. पुण्याच्या ऑफिसातल्या ओळखीच्या माणसानं इंग्रजांच्या वेळचा बोरकाठचा नकाशा उतरवून दिला. त्यात जुनी विहीर आहे, गाडीवाट आहे, शिवेचा दगड आहे. पेपरात वाचलंत की आपल्या विकलेल्या शेताभोवती कंप्युटरच्या कंपनीची भिंत उभी राहणार. तुमचं खुब्याचं हाड मोडलंय, परभणीहून हलता येत नाही. म्हणून वहिनी, तुम्ही जा आणि भिंत व्हायच्या आत हंडा शोधा. असंच ना?

जाईन की. माझा तुमच्यावर पहिल्यापासून विश्वास आहे. शिवाय घरात जीव थाऱ्यावर नसतो. माझा अभय नोकरीला बंगळूरला गेला, जाताना टीव्ही मोठा घेऊन दिला. मी दिवसभर गॅलरीतनं ओट्याशी आणि ओट्यापासनं गॅलरीत. परवा दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून मी मार्केट यार्डापर्यंत चालत गेले. पाय थांबतच नाहीत.

फक्त मला एक सांगा. पुरलंत तेव्हा कुणी बघितलं का? आणि हंड्यात नक्की काय काय होतं?

मुक्ता


परभणी
१५ नोव्हेंबर २०००

ती. वहिनींस नमस्कार.

पाकिटावरील मजकुराबद्दल क्षमस्व. सात वर्षं संपर्क नव्हता, पत्र परत येऊ नये एवढाच हेतू होता.

आपण विचारलेल्या मुद्द्यांची उत्तरं देतो. पुरताना कोणी पाहिलं नाही. सगळे माळावर होते. हंड्यात पुढील वस्तू होत्या: समई, देवाचे पाच टाक, चांदीची वाटी, आईची पितळी फणेरपेटी. हंड्याच्या काठाला पोचा होता. मी लहानपणी विहिरीवर आपटून पाडलेला.

आपण जागेबद्दल विचारलं नाहीत, तेच महत्त्वाचं आहे. गाळ बसला, पुढं जमिनींचं एकत्रीकरण होऊन गटांचे नंबर बदलले, त्यामुळं आजच्या नकाशावर काही कळत नाही. जुन्यावर कळतं. त्यात निळं वर्तुळ आहे ती आपली विहीर. तुटक दोन रेघा ती गाडीवाट. त्रिकोणात फुली आहे तो शिवेचा दगड, बोरकाठ आणि शेजारची दोन गावं तिथं मिळतात. त्या दगडापासून विहिरीकडे तोंड करून चाललं की तीन साखळ्यांवर बांध लागायचा. हंडा बांधाच्या पोटात आहे. विहीर बुजली, बांध गेला. दगड राहिला असेल. शिवेचा दगड कोणी काढत नाही.

एक भीती आहे. दादानं ते शेत मध्यंतरी वीटभट्टीला दिलं होतं असं ऐकलं. भट्टीवाले माती खणून नेतात. त्यांना सापडला असेल तर माझं काहीच उरलं नाही.

जमिनीतला धातू ओळखण्याचं यंत्र मिळालं तर काम सोपं होईल. इथं मिळत नाही. फोन करू नये, मला ऐकू येत नाही.

आपला,
वैजनाथ


बिबवेवाडी
२८ नोव्हेंबर २०००

भावजी,

यंत्र मिळालं. हसू नका.

आमच्या इमारतीत खाली मच्छिंद्र राहतो. पूर्वी एसटीत कंडक्टर होता, आता पोट सांभाळत एका कंपनीच्या गेटवर उभा राहतो. कुठली कंपनी? तीच. बोरकाठची. आपल्या वरच्या शेतावर तिची काचेची इमारत उभी झालीसुद्धा, खालचं नदीकडचं शेत अजून मोकळं आहे. त्याच्या हातात ते दांडकं असतं ना, आत जाणाऱ्याच्या अंगावरनं फिरवायचं, किल्ली असली की कुईं करतं, ते मी मागितलं.

"काकू, हे माणसं तपासायचंय. शेत नाही."

"माणसापेक्षा शेत बरं. गुदगुल्या होत नाहीत त्याला."

"साहेबानं बघितलं तर माझी नोकरी जाईल."

"तुझ्या साहेबाला सांग, म्हातारी घोळीची भाजी काढतीये. आणि पुढच्या महिन्याचे तुझे कांदेपोहे माझ्याकडं."

तयार झाला. माणूस एवढा हलका असतो, भावजी.

रविवारी स्वारगेटवरनं हडपसर, तिथनं सहा आसनी रिक्षा. शेतात उतरले आणि बसून बसून दांडकं फिरवलं. उभ्यानं चालत नाही, चार बोटांच्या खालचं त्याला कळत नाही. तुमची भट्टीवाली भीती खरी आहे, सगळं शेत परातीसारखं खोल गेलंय, नदीचा गाळ त्यांनी विटा करून पुणेकरांच्या घरांना लावला. पण म्हणूनच जुनी जमीन वर आलीये, नाहीतर माझं दांडकं काय कामाचं.

सापडलं ते असं: गुटख्याच्या चांदीच्या पुड्या, बाटल्यांची बुचं, बैलाच्या पायाची पत्री, अर्धा विळा आणि परत गुटख्याच्या पुड्या. चांदीची कागदं बघून दांडकं इतकं ओरडायचं की मला वाटलं तुमचे पाचही टाक एकदम आले.

मी कुठनंही सुरू केलं होतं, ती माझी चूक. पुढच्या रविवारी दगडापासनं मोजते. पण साखळी म्हणजे केवढी? माझ्याकडं कपडे वाळत घालायची दोरी आहे.

आणि हो, आईंची फणेरपेटी हंड्यात होती म्हणता, पण ती माझ्या ऐकण्यात नाही, आईंनी कधी तिचं नाव काढलं नाही. तुमची आठवण पक्की ना?

मुक्ता


परभणी
८ डिसेंबर २०००

ती. वहिनींस नमस्कार.

साखळी म्हणजे तेहेतीस फूट. दोरी चालेल, पण नायलॉनची नको, ती ताणते.

दगडावर उभं राहून विहिरीच्या दिशेनं नीट तोंड करावं. विहिरीची खूण आज नाही, म्हणून नकाशावरची उत्तर आणि आपली उत्तर जुळवून घ्यावी. अभयच्या जुन्या कंपासपेटीत होकायंत्र असेल.

फणेरपेटीबद्दल. आईनं नाव काढलं नसेल कारण ती तिच्या माहेरची होती. माझी आठवण पक्की आहे. चाळीस वर्षं मला दुसरं काही आठवायला नव्हतं.

भिंतीचं काम कधी सुरू होतं याकडे लक्ष असावं.

वैजनाथ


बिबवेवाडी
२१ डिसेंबर २०००

भावजी,

सांगायला आनंद होतो की हंड्याची जागा सापडली. कंपनीच्या स्कूटर स्टँडखाली आहे.

दगड सोपा सापडला. रस्त्याला लागूनच आहे, कुणीही सांगतं. त्याला म्हसोबा म्हणतात आता. शेंदूर इतका चढलाय की दगडाला पोट सुटलंय, मच्छिंद्रसारखं. गळ्यात हार, समोर नारळाच्या करवंट्या. मी त्याच्या पाया पडले, कपडे वाळत घालायची दोरी त्याच्या बुडाशी अडकवली आणि निघाले. सुती दोरी होती हो, ओरडू नका. एक साखळी रस्ता ओलांडण्यात गेली, दुसरीत कुंपण, तिसरी संपली तेव्हा मी फरशीवर उभी आणि समोर, रविवार असूनसुद्धा, दीडशे स्कूटरी. गळ्यात फोटो लटकवलेली पोरंपोरी माझ्याकडं बघतायत. एक मुलगी आली.

"आजी, एनी प्रॉब्लेम? कुणाला शोधताय?"

"दिराला."

"कुठल्या टीममध्ये आहेत?"

"अजून त्याचं ठरायचंय," म्हणलं.

तिनं मला पाणी आणून दिलं. पोरी चांगल्या असतात या, नुसत्या घाईत असतात.

तर तुम्ही एकसष्ट साली स्कूटर स्टँडखाली हंडा पुरलात. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. पण मला सांगा, तिथं आपलं नदीकडचं शेत कधीच नव्हतं. तिथं बांध नव्हता, विहीर तर नदीकडं होती. नकाशा म्हणतो दगड इथं, दगड म्हणतो मी इथं, आणि दोघांचं एकमेकांशी जमत नाही. कुणीतरी एक खोटं बोलतंय.

भिंतीवाल्यांनी चुना मारून रेघ ओढलीये. संक्रांतीनंतर खणणार.

आता एक विचारते, रागवू नका. तुमचे भाऊ मला सांगायचे, पुरानंतर महिन्याच्या आतच त्यांनी तुम्हाला तांबट आळीत बघितलं होतं. एका दुकानातनं बाहेर पडताना. जुनं तांबं-पितळ घेतात त्या दुकानातनं. माझा काही त्याच्यावर विश्वास नाही, मी त्यांना तेव्हाच म्हणलं होतं वैजूभावजी असं करायचे नाहीत. पण कसं आहे, रात्रंदिवस डोक्यात तेच फिरतं. म्हणून विचारलं.

मुक्ता


परभणी
२ जानेवारी २००१

वहिनी,

दादानं पाहिलं ते बरोबर आहे. मी तांबट आळीत होतो. एकदा नाही, त्या महिन्यात रोज जात होतो.

मला वाटलं होतं, मी पुरताना कोणीतरी पाहिलं असावं आणि पाणी ओसरताच काढून नेलं असावं. काढलं असेल तर विकायला तिथंच येणार. म्हणून एकेका दुकानात जाऊन विचारत होतो, काठाला पोचा असलेला हंडा आला का. लोक हसायचे. पुण्यात त्या महिन्यात गाळातनं उपसलेली अर्ध्या शहराची भांडी त्या आळीत येत होती. एका म्हाताऱ्या तांबटानं मला ढीग उपसू दिला. त्या दुकानातनं बाहेर पडलो तेव्हा दादा समोर उभा होता. त्यानं काही विचारलं नाही. पाठ फिरवून गेला. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

तुम्ही विचारलंत. पण दोन महिने मी बघतो आहे, कोणी पाहिलं का, काय काय होतं, फणेरपेटी होती का, तांबट आळीत का गेला होता. वहिनी, आपण शोध घेता आहात की चौकशी, हे मला कळेनासं झालं आहे.

नकाशा परत पाठवावा. भिंत होऊ द्या. मी आता अठ्ठावन्न वर्षांचा आहे, इतकी वर्षं जशी गेली तशी उरलेलीही जातील.

वैजनाथ


बिबवेवाडी
९ जानेवारी २००१

भावजी,

नकाशा देत नाही. हवा असेल तर या आणि हिसकावून घ्या, मोडक्या खुब्यानं.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी शेंगदाणे भाजत होते. वाचून होईस्तोवर कोळसा झाला. तो घेऊन तशीच स्वारगेटला गेले, म्हणजे हातात कढईच होती, रिक्षावाल्यानं विचारलं तेव्हा कळलं. ती परत ठेवायलासुद्धा घरी गेले नाही.

रविवार नव्हता, दांडकं नव्हतं. म्हसोबापुढं जाऊन बसले. तिथं एक मैना म्हणून म्हातारी रोज दिवा लावायला येते, बोरकाठचीच आहे, तुमच्यापेक्षा मोठी. कढई बघून म्हणाली, "नवसाची हाय का?"

म्हणलं, "नाही, जळालेली आहे. मावशे, हा देव पहिल्यापासनं असाच का?"

"असाच, पर हितं न्हवता."

"हितं नव्हता म्हणजे?"

"अगं रस्ता रुंद केला तवा बैलगाडीत घालून आणला न्हवं का त्याला. तिकडं वड्याच्या तोंडाला हुता, चिखलात. दिवा लावाया जायचं म्हणजे साप-किरडू. हितं आणला, येणारं-जाणारं गाडीवरनं हात जोडतंय, त्याला बी बरं, आपल्याला बी बरं."

ऐकलंत? गावानं शिवेच्या दगडाला शेंदूर फासला, त्याचा देव झाला, आणि देव झाल्यावर तो सोयीसाठी रस्त्याला येऊन बसला. तुमचा नकाशा खरा, दगडही खरा. बैलगाडीचं तेवढं नकाशात नव्हतं.

मी ओढ्याकडं पळाले. पळाले म्हणजे पळालेच, या वयात. भावजी, सगळं शेत परातीसारखं खाली गेलंय म्हणलं होतं ना मी? ओढ्याच्या तोंडाशी एकच ढिगारा उभा आहे, पुरुषभर उंच, चारी बाजूंनी खणलेला, मधे हात न लावलेला. मैना म्हणाली, "तिथली माती भट्टीवाला न्हेत न्हवता. द्येव उठून गेला तरी जागा द्येवाचीच की."

आता तुमचा नकाशा काढा आणि सांगा, दगड ओढा आणि नदीच्या कोपऱ्यात आहे का? आणि विहिरीकडं तोंड म्हणजे या ढिगाऱ्यावरनं कुठं? चुन्याची रेघ त्या ढिगाऱ्याच्या अगदी पलीकडनं गेलीये. लवकर लिहा. कार्ड टाका, पाकीट नको, डिंक वाळेपर्यंत थांबवत नाही मला.

मुक्ता

ता. क. चौकशीचं म्हणालात ते मी वाचलं.


परभणी
१५ जानेवारी २००१

वहिनी,

नकाशात दगड ओढा आणि नदीच्या कोपऱ्यातच आहे. ढिगाऱ्यावरून नैऋत्येला चालावं. मी तीन साखळ्या म्हणालो त्या दगडापासून विहिरीपर्यंत होत्या, बांध त्याच्या खूपच अलीकडे. आता आठवतं, मी खणताना दगड हाताच्या अंतरावर दिसत होता; पुरानंतर तोही गाळात बुडाला होता. ढिगाऱ्याच्या नैऋत्य अंगालाच बघा. कदाचित त्याच्या पोटातच.

खात्यात आलेल्या प्रत्येक नव्या पोराला मी सांगायचो, दगडावरून मोजण्याआधी दगड जागेवर आहे का बघा. देवाच्या बाबतीत ते मला सुचलं नाही.

घाई करावी.

वैजनाथ


परभणी
१२ फेब्रुवारी २००१

वहिनी, पत्र नाही. तब्येत बरी आहे ना? भिंत झाली का?

वैजनाथ


परभणी
२६ फेब्रुवारी २००१

वहिनी, सापडलं नसेल तर तसं कळवावं. मला सवय आहे. फक्त कळवावं.

वैजनाथ


बिबवेवाडी
४ मार्च २००१

वैजनाथ भावजी,

सापडला.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सापडला. महिना होऊन गेला. आधी कसा ते सांगते, मग उशीर का ते.

मच्छिंद्रला बरोबर नेलं होतं, कारण भिंतीवाल्यांचं खणायचं यंत्र ढिगाऱ्यापासनं हाकेवर आलं होतं. मच्छिंद्रनं त्या ड्रायव्हरला तंबाखूत गुंतवून ठेवलं. मी नैऋत्येला बसले. जमिनीवर नाही, ढिगाऱ्याच्या उभ्या अंगावरनं दांडकं फिरवत होते, भिंत सारवतात तसं. दुपारपर्यंत काही नाही. एकदा कुईं झालं, तर माझीच पिन. पिन काढून फेकली. मग गुडघ्याच्या उंचीला परत ओरडलं आणि थांबेचना. खुरपं घेऊन गेले होते, त्यानं खरवडलं. हिरवं दिसलं. मला वाटलं शेवाळ. नखानं घासलं तर खाली तांबं.

मच्छिंद्र ड्रायव्हरला सोडून धावत आला. मी त्याला हात लावू दिला नाही. काठ मोकळा केला, पोचा बघितला. तुम्ही लहानपणी कशावर आपटला होता कोण जाणे, चांगलाच खोल आहे.

गोणपाटात घालून, जवळची वाट म्हणून, कंपनीच्या गेटातनं बाहेर काढला. तिथं दुसरा पहारेकरी होता, त्यानं नियमाप्रमाणं माझ्यावरनं त्याचं दांडकं फिरवलं. जे ओरडलं जे ओरडलं, कंपनीतली पोरं वरच्या काचांतनं बघायला लागली. "काय आहे आजी यात?" म्हणलं, "देव आहेत. तपास." त्यानं हात जोडले आणि सोडलं.

घरी आणला. वर्तमानपत्र अंथरून तोंडावरची माती काढली. समई आहे, वाकलीये. वाटी आहे. टाक पाचही आहेत, काळे पडलेत, तोंडं ओळखू येत नाहीत पण पाच आहेत. फणेरपेटीचं झाकण निघालं, आत आरशाची काच तडकलेली, पण आहे. तुम्ही लिहिलंत ते सगळं आहे.

आणि एक तुम्ही लिहिलं नव्हतंत. तळाशी मूठ-दीडमूठ काळं काहीतरी चिकटलेलं होतं, वर हिरवा गंज चढलेला. मला आधी मातीच वाटली. बोटांत धरलं तर दाणे. शाळूचं बी होतं, भावजी. पुढच्या पेरणीचं. पाणी दाराशी आलेलं, माणसं माळावर गेलेली, आणि तुम्ही देवांच्या खाली बी घातलंत. विसरून गेला असाल, म्हणून यादीत नव्हतं. ज्याला विकून खायचंय तो पेरायचं बी कशाला ठेवेल?

मी ते दाणे हातात घेऊन बसले आणि पहिल्यांदाच माझे पाय गप्प झाले. गॅलरीत गेले नाही, ओट्याकडं गेले नाही. संध्याकाळ झाली तरी दिवा लावला नाही. अभयचा फोन वाजला, उचलला नाही.

उद्या त्याला सगळं सांगणार आहे. पाडव्याला सगळ्यांना जमवते, तुमच्या चुलतबहिणी, आईंच्या माहेरची उरलेली माणसं, जे जे तुमच्याबद्दल बोलले ते सगळे. हंडा मधे ठेवते. तुम्हाला न्यायला अभय गाडी घेऊन येईल, खुबा मोडका असला तरी उचलून आणेल. देवांना उजळायचं तुमच्या हातनं. नाही म्हणायचं नाही.

आता उशीर का ते. चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा हंड्यापाशी येऊन थांबले, कारण पुढचं लिहायचं होतं आणि लिहिता येत नव्हतं.

माझा तुमच्यावर पहिल्यापासून विश्वास आहे, असं मी लिहिलं. तुमच्या भावाला मी तेव्हाच सांगितलं होतं, असंही लिहिलं. खोटं आहे ते. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्हाला चोर समजत होते. शेतात गेले ते हंडा शोधायला नाही. हंडा नाहीच, हे तुमच्या तोंडावर लिहून पाठवायचं होतं, म्हणून गेले.

मुक्ता